पोहता येत नाही, समुद्र कधी पाहिला नाही. विदर्भातल्या खेड्यातून अंदमानला जाऊन स्नॉर्कलिंग, ट्रेक आणि तंबूतला मुक्काम जमेल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चौघं यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातले, समुद्र आजवर टीव्हीवरच पाहिला, पोहता एकालाच येतं आणि तेही विहिरीत शिकलेलं. तरी अंदमानला जाऊन डोंगर चढायचा, तंबूत राहायचं आणि पाण्याखालचे मासे पाहायचेत. जमेल का, आणि तयारी काय करायची, हा तुमचा प्रश्न.

जमेल. आम्ही आर्वीकडचे शेतकरी. माझी बायको, धाकटा भाऊ आणि पुतण्या असे मिळून गेलो होतो. बायकोला पोहता येत नाही, अजूनही येत नाही. तरी एलिफंट बीचवर ती पाण्यात तोंड घालून इतका वेळ तरंगत राहिली की शेवटी गाइडलाच तिला बाहेर बोलवावं लागलं. ते जमलं कारण तिने घरी सराव केला होता, आणि तो सराव पोहण्याचा नव्हता, श्वासाचा होता. म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

स्नॉर्कलिंग म्हणजे पाण्यावर पालथं तरंगत, तोंडातल्या नळीने श्वास घेत खालचे मासे पाहणं. त्यात माणूस बुडण्याआधी घाबरतो. नाक मास्कमध्ये बंद असतं, तोंडात नळी असते, चेहरा पाण्यात जातो आणि शरीर सवयीने नाकाने श्वास ओढायला जातं. हवा येत नाही, मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटतो, आणि माणूस हातपाय झाडायला लागतो. अंगात लाइफ जॅकेट असतं, खारं पाणी तसंही गोड्या पाण्यापेक्षा जड असल्याने माणसाला चांगलं उचलून धरतं, पण घाबरलेल्याला हे कळत नाही. म्हणून जाण्याच्या महिनाभर आधी एक साधा मास्क आणि नळी विकत घ्या. काच पक्की आणि कडेचं सिलिकॉन मऊ असलेला, डोळे आणि नाक झाकणारा मास्क हवा. पूर्ण चेहरा झाकणारे जे नवे मास्क मिळतात ते घेऊ नका. घाईच्या वेळी ते चटकन निघत नाहीत आणि आत सोडलेली हवा साचून राहू शकते.

मास्क बसतो का हे दुकानातच बघायचं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलकी हवा ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. ज्यांच्या मिशा दाट आहेत त्यांनी हे नीट वाचा, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या असतात. नाकाखालच्या केसांतून पाणी आत येतं, थेंब थेंब, आणि दर दोन मिनिटांनी उभं राहून मास्क रिकामा करावा लागतो. माझ्या भावाने मिशीची वरची कड बोटाच्या अर्ध्या पेराएवढी भादरली आणि उरलेल्या केसांवर थोडं व्हॅसलिन लावलं. पाणी थांबलं. मिशी काढायची गरज नाही.

आता सराव. अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात स्वच्छ पाणी भरा, कडेला गुडघ्यांवर बसा, मास्क-नळी लावा आणि फक्त चेहरा पाण्यात घाला. नळीचं वरचं तोंड पाण्याबाहेर. श्वास सावकाश घ्यायचा आणि त्याहून सावकाश, पूर्ण सोडायचा. पूर्ण सोडण्याला कारण आहे. वापरलेली हवा थोडी नळीतच अडकते, आणि भरभर उथळ श्वास घेतला तर तीच हवा परत परत आत जाते. मग दम लागतो, दम लागला की श्वास आणखी उथळ होतो. लांब उच्छ्वास टाकला की हे चक्र सुरूच होत नाही. पुतण्याचे खांदे पहिल्या दिवशी कानापर्यंत चढलेले असायचे, मूठ आवळलेली. आठवडाभराने तो टाक्यात तोंड घालून आजीशी खुणांनी बोलायला लागला, तेव्हा समजलो की पोट्टा तयार झाला. त्यानंतर नळीत मुद्दाम थोडं पाणी घ्या आणि जोरात ‘फूक्’ करून उडवायला शिका. समुद्रात लाट नळीत शिरतेच, तेव्हा डोकं वर न काढता हे करता आलं पाहिजे.

टाक्यात जमलं की जिल्ह्याच्या ठिकाणच्या जलतरण तलावात, उथळ बाजूला, माणूस सोबत ठेवून पालथं तरंगून पाहा. हा सराव शेततळ्यात मात्र अजिबात करू नका, हात जोडून सांगतो. तळाला अंथरलेलं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की चांगला पोहणाराही वर चढू शकत नाही. आपल्या भागात कितीतरी पोरं त्यात गेली आहेत. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स किंवा वाढलेला रक्तदाब यातलं काही कोणाला असेल तर पाण्यात उतरायचं की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा.

कधी जायचं हे आपल्या पिकांनी बरं ठरवून दिलंय. कापूस वेचून झाला, तूर निघाली, हरभरा घरात आला की फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत जी उसंत मिळते, तेव्हा तिथला समुद्र शांत असतो आणि पाणी नितळ. मे महिन्यात ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आपण कान टवकारून ऐकतो, पण ती आली की तिथल्या बोटींचा भरवसा राहत नाही. जाताना नागपूरहून चेन्नईला रेल्वेने जाऊन पुढे विमान, हा आम्हाला सोयीचा मार्ग वाटला. जहाजही जातं, पण त्याला तीनेक दिवस लागतात आणि पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्याने एकदम तेवढं करू नये. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, आणि हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप. तिकिटांवर दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.

स्नॉर्कलिंगसाठी माझं मत स्वराज द्वीपच्या एलिफंट बीचला, आणि त्याहूनही जास्त वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉय बेटाला. तिथे रोज मोजक्याच लोकांना परवानगी मिळते, प्लास्टिकची पिशवी-बाटली नेऊ देत नाहीत, आणि जॉली बॉय व रेड स्किन ही दोन बेटं वर्षात आळीपाळीने उघडतात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. श्री विजयपुरम शहराजवळचं नॉर्थ बे सोपं आहे, पण गर्दी फार. बाकी नॉर्थ बे तुम्ही पाहिलेलंच आहे, जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवर मागच्या बाजूला तेच छापलं होतं.

पाण्याखाली काय दिसतं हे सांगताना मला अजून भरून येतं. प्रवाळ लांबून खडक वाटतो, पण तो बारीक प्राण्यांनी बांधलेला असतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंश जास्त तापून तसंच राहिलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात असंच झालं होतं, मोठमोठे पट्टे पांढरे पडले. म्हणून काही ठिकाणी तुम्हाला मेलेला, करडा प्रवाळही दिसेल. जिवंत जागी गेलात की एक आवाज ऐका, पाण्यात कान घातले की कुरकुर, चटचट सुरू असते. त्यात बारीक झिंग्यांची टिचकी असते आणि पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडतो तो आवाज. मी एकाला जवळून पाहिलं, हिरवा-निळा, ढेकळावर आलेल्या मैनेसारखा टोच मारून पुढे सरकत होता, आणि जाता जाता मागून पांढऱ्या रेतीची धार सोडत होता. ज्या रेतीवर आपण चालतो त्यातली बरीच अशीच तयार होते.

म्हणून एक विनंती. प्रवाळावर पाय टेकवू नका. गोलसर, दगडी जातीचा प्रवाळ वर्षाला जेमतेम एखाद सेंटीमीटर वाढतो, तुमच्या एका पावलात कित्येक वर्षं मोडतात. दमलात तर पाठीवर उलथे व्हा, जॅकेट सांभाळतं. तुकडा आठवण म्हणून आणायचा विचारही नको. २००१ पासून प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, विमानतळावर सामान तपासतात. पायाला काटा रुतला, विशेषतः दगडमासा किंवा सिंहमासा या विषारी माशांचा असेल, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि तडक डॉक्टर गाठायचा.

बोटवाल्याला सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की पोहता येत नाही. यात कमीपणा नाही. मग गाइड रिंग धरून तुम्हाला सोबत ओढत नेतो. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे, पायांमधला असेल तर तोही, आवळून घ्या. एका ठिकाणी आम्हाला तुटलेल्या बकलची जॅकेटं दिली गेली, ती आम्ही परत केली आणि दुसरी मिळेपर्यंत बोटीत चढलोच नाही. तुम्हीही तसंच करा. पाठ पूर्ण वेळ उन्हात असते म्हणून पूर्ण बाह्यांचा अंगाला घट्ट बसणारा सदरा घाला, क्रीमपेक्षा तो बरा.

मगरींची भीती तुम्ही विचारली नाही, पण घरचे विचारतील. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये स्वराज द्वीपवरच्या राधानगर किनाऱ्याजवळच्या खाडीत स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यामुळे खाडीचं तोंड, कांदळवन आणि जिथे सूचनेची पाटी आहे तिथे पाण्यात उतरायचं नाही, आणि संध्याकाळी तर नाहीच. गाइडसह, ठरलेल्या जागी, दिवसाउजेडी उतरलात तर बेलाशक जा.

चालण्याचं मात्र तुम्हाला मी काय शिकवू? वावरात दिवसभर चालणारी माणसं आपण. एलिफंट बीचला जंगलातून पायवाट जाते, साधारण दोन किलोमीटर, शेवटी चिखल आणि कांदळवन. वाट उघडी आहे का हे वनखात्याच्या नाक्यावर विचारा आणि भरतीची वेळही. खरा चढ हवा असेल तर उत्तरेला दिगलीपूरजवळ सॅडल पीक, ७३२ मीटर, अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर. चिखलदरा त्याहून उंच आहे, पण तिथे एसटी वर सोडते. इथे समुद्राच्या पाण्यापासून निघून सगळी उंची पायांनी चढायची, एका बाजूने आठेक किलोमीटर. नाक्यावर नोंद करावी लागते, वाटाड्या घ्या.

आपल्या माणसांचा एक गैरसमज इथे अंगलट येऊ शकतो. पंचेचाळीस डिग्री सोसणाऱ्याला तीस डिग्रीचं काय, असं वाटतं. आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळतो. तेव्हा पाणी जास्त, सोबत मीठ-साखर, आणि चाल धिमी. शिवाय बेटं इतकी पूर्वेला आहेत की सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि मावळतोही. हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच अंधारतं. चढ पहाटे सुरू करा.

दिगलीपूरला रस्त्याने जाताना जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून गाड्यांचा ताफा जातो. तिथे थांबणं, फोटो काढणं, खायला देणं सगळं गुन्हा आहे. काच वर ठेवा आणि त्यांना त्यांच्या जंगलात राहू द्या.

तंबूबद्दल थोडक्यात. रानडुकरं आणि रोह्यांपायी (नीलगायींपायी) वावरात जागल करणाऱ्याला उघड्यावर रात्र काढण्याचं भय नसतं. पण तिथे मन मानेल तिथे तंबू ठोकता येत नाही, परवानगी लागते. म्हणून ज्यांच्याकडे अधिकृत जागा आहे अशांकडेच उतरा. किनाऱ्यावर वाळलेलं शेवाळ आणि काटक्यांची रेघ दिसते, तिथवर भरती येते. पौर्णिमा-अमावस्येला त्याहून वर. तंबू तिच्या बराच मागे लावा. नारळाच्या झाडाखाली लावू नका, नारळ पडतो. जाड रजई घरीच ठेवा, रात्रीही उबदार असतं. वाळूतल्या बारीक माश्या मात्र फार चावतात आणि खाज आठवडाभर जात नाही, म्हणून संध्याकाळी पायघोळ कपडे आणि अंगाला खोबरेल तेल. दिगलीपूरच्या काळीपूर किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला येतात. तिथे असाल तर बॅटरी, मोबाइलचा फ्लॅश बंद.

चौघांपैकी एखाद्याने सराव करूनही पाण्यात जायला नकार दिला तर ओढू नका. काचेच्या तळाची बोट असते, तीतूनही पुष्कळ दिसतं. आधी स्वस्तात समुद्राची चव घ्यायची असेल तर मालवण आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग करवतात. पाणी अंदमानइतकं नितळ नाही, पण शिकवणारे मराठी बोलतात आणि पहिल्या भीतीला त्याचा मोठा आधार होतो. मास्क कोणता घेतला ते कळवा. फोटो टाकलात तर बसतो की नाही तेही सांगेन.