रक्त काढताना नर्स ग्लोव्हज का घालत नाहीत? त्यांना एचआयव्ही, काविळीची भीती वाटत नाही का?

वाटते हो, मीही नर्सच आहे. पण मला सुई टोचली तेव्हा माझ्या हातात ग्लोव्हज होते.

2011 साल, मिरजेतला एक खासगी दवाखाना, कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात, नाईट ड्युटी. पंढरपूर रोडला मोटारसायकलवरून पडलेला माणूस आला, कपाळ फाटलेलं. डॉक्टरांनी जागा बधिर करायला लिग्नोकेन दिलं, सात टाके घातले आणि ट्रे तसाच ठेवून हात धुवायला गेले. मी रक्ताळलेला गॉज गोळा करायला गेले, तर खाली उघडी सुई. डाव्या हाताच्या तर्जनीत घुसली. पांढऱ्या ग्लोव्हजच्या आतून तांबडा ठिपका पसरत गेला, तो आजही डोळ्यांसमोर आहे.

सर म्हणाले, "पिळा, रक्त जाऊ द्या, स्पिरिट लावा." हे साफ चूक आहे. पिळायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं. त्या माणसाची एचआयव्हीची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली, ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह. म्हणजे बी कावीळ.

माझे लसीचे तिन्ही डोस कॉलेजातच झाले होते, पण अंगात अँटिबॉडी तयार झाल्या का ते कुणी कधी तपासलंच नव्हतं. स्वतःच्या पैशानं टायटर, म्हणजे अँटिबॉडी किती आहेत ते बघायची रक्ततपासणी, करायला दिला. दहाच्या वर हवा असतो. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. मुलगा आठ महिन्यांचा होता, मी त्याला अंगावर पाजणं बंद केलं. रात्रभर रडला. (तशी गरज नव्हती, हे नंतर कळलं. तेव्हा सांगणार कोण?) टायटर शंभरच्या वर निघाला, सुटले.

पण खरं टोचलं ते पुढेच. इन्चार्ज सिस्टरनी रजिस्टरमध्ये लिहिलं, "निष्काळजीपणामुळे सुई टोचली." माझा निष्काळजीपणा! सुई वापरली कोणी, टाकायची कोणी? ज्यानं वापरली त्यानंच तिथल्या तिथे, टोपण न लावता, पांढऱ्या डब्यात टाकायची. मी हे बोलले तर म्हणाल्या, "सरांना कसं सांगायचं?" बारा वर्षं झाली तो दवाखाना सोडून, तो "निष्काळजीपणा" शब्द अजून मनातून जात नाही.

आता तुमचा प्रश्न. शीर लेटेक्सच्या ग्लोव्हजमधून बोटाला नीट लागत नाही, असं बऱ्याच जणी सांगतात. थोडं खरं, बरंचसं सवयीचं. काही ठिकाणी ग्लोव्हजचा बॉक्स कपाटात कुलूप लावून असतो, शिफ्टला मोजून मिळतो. आणि वाईट खोड म्हणजे पेशंटच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. एचआयव्हीचा पेशंट म्हटला की दोन-दोन जोड घालतात, बाकीच्यांना उघड्या हातानं. पॉझिटिव्ह असणं कपाळावर लिहिलेलं नसतं. माझ्या त्या माणसाला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

शिवाय घाबरतात एचआयव्हीला, तिथे हजार वेळा टोचलं तर तीनेकदा लागण होते. लस न घेतलेल्याला बी काविळीचा धोका शंभरात तीसपर्यंत जातो. तरी बऱ्याच जणींचा तिसरा डोस राहिलेला असतो.

घरात कुणी नर्स, लॅबवाला किंवा वॉर्डबॉय असेल तर आधी त्याचा टायटर करून घ्या. टोचलंच तर एचआयव्हीचं औषध दोन तासांत सुरू झालेलं बरं, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि 28 दिवस घ्यावं लागतं. सरकारी रुग्णालयात मिळतं. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं ते पुरवणं दवाखान्याचं काम आहे, आपल्या पगारातून नाही.

आणि हो, ग्लोव्हज घालायलाच हवेत, मी नको म्हणत नाही. सुई अडत नाही, पण तिच्यावरचं थोडं रक्त पुसलं जातं. मात्र एकच जोड घालून चार पेशंट करणारी सिस्टर दिसली तर तिला थांबवा, तिथे धोका तुम्हाला आहे.

गेल्या महिन्यात टाके झाल्यावर नवीन डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तेवढं आवरा ना." मी डबा त्यांच्यासमोर धरून उभी राहिले. त्यांनी सुई टाकली, मग मी ट्रेला हात लावला.