माणूस मतलबीच असतो का? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ताई, आमचे आबा म्हणजे माझे वडील आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पळाले. कोणाच्या पोरीचं लग्न असो, कोणाला रात्री जळगावला दवाखान्यात न्यायचं असो, आबा पुढे. आता ते अंथरुणाला खिळलेत तर पहिल्या आठवड्यात घर भरलं होतं, आणि आता चार माणसं पण डोकावत नाहीत. आई म्हणते, "कोनी कोनं नही." माणूस मुळातच स्वार्थी असतो का? आबांनी आयुष्य फुकट घालवलं का? (एक वाचक, पारोळा)

उत्तर: भाऊ, आईंना आधी नमस्कार सांगा. रात्रंदिवस आजारी माणसाचं करून थकलेल्या बाईच्या तोंडून ते वाक्य आलंय, त्यामुळे ते खोडून काढायला मी बसलेले नाही. पण तुम्ही "मुळातच" असं विचारलंय ना, तर मुळापासूनच बघू.

जर्मनीत लाइपझिगला वारनेकेन आणि टोमासेलो या दोन शास्त्रज्ञांनी दीड वर्षाच्या पोरांवर एक प्रयोग केला, तो २००६ साली छापून आला. अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा पडतो आणि तो वाकून घ्यायचा प्रयत्न करतो पण हात पुरत नाही. किंवा दोन्ही हातात पुस्तकांचा ढीग घेऊन बंद कपाटावर आपटतोय. कोणी काही सांगितलं नाही, खाऊचं आमिष नाही, तरी बहुतेक पोरं उठली आणि चिमटा उचलून दिला, कपाट उघडून दिलं. ज्या वयात धड बोलता येत नाही त्या वयात हे कोणी शिकवलं असेल? म्हणजे मूळ पार कडू आहे असं मला तरी अजिबात वाटत नाही.

मग मोठेपणी काय होतं? इथे मला १९७३ साली छापलेला प्रिन्स्टनचा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. धर्मोपदेशक व्हायला शिकणारी मुलं, त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण करायचं होतं, आणि त्यातल्या काहींचा विषय तर रस्त्यात जखमी पडलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस दारात खोकत, कण्हत पडलेला. ज्यांना "उशीर झालाय, पळा" सांगितलं त्यांच्यात १०० पैकी १० च थांबले, आणि ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यात ६३. भाषणाचा विषय काय होता त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. स्वभाव नाही, नुसती घाई! आता तुमच्या गावातला माणूस बघा, कापूस वेचायला मजूर नाहीत, लाइट रात्रीची येते, सोसायटीचा हप्ता डोक्यावर, तो आबांना विसरलेला असेलच असं नाही, पण "उद्या जाऊ" म्हणता म्हणता महिना जातो आणि मग इतक्या दिवसांनी कोणत्या तोंडाने जायचं म्हणून तो अजूनच टाळतो.

अजून एक गोष्ट. झुरिचमध्ये लोकांना पैशाचा एक खेळ खेळायला दिला, प्रत्येकाने गल्ल्यात काही टाकायचं, गल्ला वाढवून सगळ्यांना सारखा वाटायचा, न टाकणाऱ्यालाही वाटा मिळतो. २००१ साली छापलेल्या त्या अभ्यासात साधारण निम्मे लोक "बाकीचे टाकतील तर मी पण टाकेन" अशा वळणाचे निघाले आणि जवळपास एक तृतीयांश काहीच टाकत नव्हते. मला यातले निम्मे महत्त्वाचे वाटतात. ते धड संत नाहीत आणि धड मतलबी पण नाहीत, ते इकडेतिकडे बघून वागतात, आणि मला वाटतं आपण बहुतेक सगळे त्यांच्यातच आहोत. म्हणून मुळात कोण कसा यापेक्षा व्यवस्था कशी लावली हा प्रश्न मोठा आहे.

आणि ही व्यवस्था आपल्या खान्देशाने जगाला दाखवण्यासारखी लावलेली आहे हो! पांझरा नदीवरची फड पद्धत घ्या, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायची जुनी रीत. बंधाऱ्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन शक्यतो प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की एक फड कोरडा ठेवायचा, म्हणजे झळ एकट्यादुकट्याला न बसता सगळ्यांना ज्याच्या त्याच्या जमिनीच्या प्रमाणात बसते. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांचा मोबदला शेतकरीच देणार. काही शतकं हे चाललं, आता विहिरी आणि मोठी धरणं आल्यावर बऱ्याच ठिकाणी मोडलं ते मोडलं, पण तेव्हाची माणसं काय आजच्यापेक्षा देवमाणसं होती का? पाळी ठरलेली होती आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, एवढंच.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा पण तसंच. जंगल तुटून डोंगर उघडे पडले होते, गावाने बसून नियम केले, झाड तोडलं तर दंड, तोडणाऱ्याची खबर दिली तर बक्षीस, आणि शेकडो हेक्टर जंगल परत उभं राहिलं. त्यासाठी झटणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे पुढे होणारा एक लागतोच, पण एकट्याच्या जिवावर जंगल टिकत नाही.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं आहे, लोक आपणहून येतील याची वाट बघू नका, पाळी लावा. ज्यांच्यासाठी आबा धावले त्यातल्या चार-पाच जणांना नाव घेऊन फोन करा. "कधीतरी या" म्हणू नका, "मंगळवारी संध्याकाळी दोन तास आबांजवळ बसशील का, आईला जरा आडवं पडता येईल" असं सांगा. दिवस आणि काम ठरवून दिलं की टाळणं अवघड होतं आणि येणं सोपं होतं. एखादा नाही म्हणेल, म्हणू द्या, पुढचा फोन लावा. यात मागायची लाज बाळगू नका, आबांनी पण लोकांना मागू दिलं होतं म्हणूनच ते धावू शकले ना.

राहिलं फुकट गेल्याचं. आबांनी ते उसनवारीवर दिलं होतं का? नसेल तर वसुली झाली नाही म्हणून ते बुडालं असं कसं म्हणायचं? आबांमुळे जो माणूस रात्री वेळेवर दवाखान्यात पोचून वाचला असेल, त्याचं वाचणं आज कोण भेटायला येतं यावर अवलंबून नाही.

प्रश्न: मी दर काही महिन्यांनी रक्तदान करते आणि केल्यावर मला खूप भारी वाटतं. माझा मित्र म्हणतो तू त्या फीलिंगसाठीच करतेस, म्हणजे तो पण स्वार्थच. मला उत्तर सुचलं नाही. (एक विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर: त्याला एक विचार, मी नेमकं काय केलं असतं म्हणजे तू त्याला स्वार्थ म्हणाला नसतास? त्याच्याकडे उत्तर नसणार. जे वाक्य कशानेच खोटं ठरू शकत नाही ते माणसाबद्दल काहीच सांगत नाही गं. आणि ज्याला पेशंटचं काहीच पडलेलं नाही त्याला रक्त देऊन भारी वाटेलच कसं? आधी काळजी, मग आनंद, हा क्रम तो उलटा लावतोय.

कॅन्सस विद्यापीठात डॅनियल बॅटसन यांनी हे तपासलं होतं, १९८१ साली ते छापून आलं. एका बाईला विजेचे झटके बसताना बघायचं (ते नाटक होतं, पण बघणाऱ्याला माहीत नव्हतं), मग विचारायचं, तिच्या जागी बसाल का? काहींना दोन झटके बघून घरी जायची मोकळीक होती, म्हणजे स्वतःचा त्रास टाळायचा असता तर निघून जाणं सगळ्यात सोपं. ज्यांना तिच्याबद्दल कळवळा कमी होता ते बहुतेक निघून गेले. ज्यांना खरंच कळवळा वाटला होता त्यांच्यातले बहुतेक तिच्या जागी बसायला तयार झाले. तू देत राहा.

प्रश्न: माझा चार वर्षांचा मुलगा आजोबांना पाणी नेऊन देतो. सवय पक्की व्हावी म्हणून मी त्याला चॉकलेट देते, बरोबर आहे ना? (एक आई, सावदा)

उत्तर: ताई, चॉकलेट बंद करा. त्याच वारनेकेन आणि टोमासेलोंचा २००८ चा प्रयोग आहे, वीस महिन्यांच्या ज्या पोरांना मदतीबद्दल बक्षीस दिलं ती बक्षीस थांबल्यावर बाकीच्यांपेक्षा कमी मदत करायला लागली. नुसत्या शाबासकीने मात्र तसं झालं नाही. मोठ्यांचं पण असंच होतं, इस्रायलमध्ये हैफाच्या काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना दंड लावला तर उशीर उलट वाढला, पैसे भरले की झालं असं वाटायला लागलं, आणि दंड काढून टाकल्यावर पण उशीर कमी झाला नाही. बारीपाड्यात दंड चालला कारण तो गावाने स्वतः बसून स्वतःवर लावून घेतला होता, तो फरक आहे. तुमच्याकडे तर दंडाची पण गरज नाही, पोरगा आधीच नेतोय. तांब्या त्याला पेलेल एवढा छोटा घ्या, सांडलं तर रागावू नका, आणि शाबास म्हणायचं काम आजोबांना करू द्या.