गाडीत एबीएसचा (जोरात ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटलाय, ब्रेक मात्र नीट लागतात. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलू का?

लगेच नको. आधी एबीएसचे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. स्वस्तातला इंजिनपुरता बहुधा ते दाखवत नाही. सी००३५ आला तर दोष पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये, म्हणजे सेन्सरच गेला असं नव्हे. स्टिअरिंग वळवलं की तिथली वायर वाकते. वरून शाबूत दिसते, आत तार तुटलेली. कनेक्टर काढून हिरवट गंज बघा. जुना कॉइलवाला सेन्सर असेल तर मल्टीमीटरवर बहुतेक गाड्यांत साधारण ८०० ते २००० ओहम येतात. वायर हलवताना आकडा उडाला की चोर सापडला. अ‍ॅक्टिव्ह सेन्सरला (नवा, वीजपुरवठ्यावर चालणारा) मल्टीमीटरचा ओहम मोड लावू नका, बिघडू शकतो. तिथे इग्निशन चालू ठेवून मॉड्यूलकडून (एबीएस चालवणाऱ्या कंट्रोल युनिटकडून) व्होल्टेज येतंय का बघा. गॅरेजवाला थेट मॉड्यूल बदला म्हणाला, तर आधी फ्यूज आणि अर्थिंग तपासायला सांगा.