बाभळीचे मार्कर करण्यापूर्वी

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. आपल्या माळावरच्या बाभळींसाठी मायक्रोसॅटेलाइट मार्कर, म्हणजे डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून झाडे ओळखण्याच्या खुणा, तयार करण्याचा तुझा विचार मला मनापासून आवडला. परंतु तू बाभळीला सरळ द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेली, धरले आहेस, तेवढे आधी दुरुस्त कर. आपल्याकडची बाभूळ बहुतांशी चतुर्गुणित, म्हणजे चार संचांची, आहे, तिच्या पेशीत ५२ गुणसूत्रे असतात, आणि त्यामुळे एकाच झाडात एकाच स्थानी चारपर्यंत निरनिराळी अ‍ॅलील, म्हणजे डीएनएच्या त्या जागेची वेगवेगळी रूपे, सापडू शकतात. तपासणीत तीन पट्टे, म्हणजे तीन अ‍ॅलील, दिसले म्हणून भेसळ झाली असे समजून नमुना टाकून देऊ नकोस. दोनच दिसले, तर त्यांतले कोणते किती वेळा आले आहे हे ठरवणे खरे अवघड असते, आणि अ‍ॅलीलच्या प्रमाणावरून समूहात कोणत्या जोड्या किती असाव्यात हे काढणारी, द्विगुणित झाडांसाठीची हार्डी-वाइनबर्गची गणिते तिथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

एकदा एप्रिलमध्ये नान्नजच्या बाजूला तोडलेली पाने मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीत ठेवली होती. संध्याकाळपर्यंत ती काळवंडली आणि त्यांतून निघालेला डीएनए कोऱ्या चहाच्या रंगाचा आला. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणे, झालेच नाही. बाभळीत टॅनिन भरपूर असते, म्हणून कोवळी पाने तोडल्याबरोबर कागदी पाकिटात भरून सिलिका जेलमध्ये ठेव आणि डीएनए काढण्याच्या सीटॅबच्या द्रावणात टॅनिन धरून ठेवणारे पीव्हीपी घालायला विसरू नकोस.

प्रायमरची, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, पहिली परीक्षा एकाच बांधावरच्या झाडांवर घेऊ नकोस. करमाळा, सांगोला, अक्कलकोट अशा दूरदूरच्या आठ झाडांवर घे. प्रायमर जिथे चिकटतो तिथेच बदल झालेला असेल, तर ते अ‍ॅलील दिसतच नाही, झाडात प्रत्यक्षापेक्षा कमी विविधता आहे असे वाटते, आणि आपण समूहात अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातल्या झाडांचा संकर, झाल्याचा चुकीचा निष्कर्ष काढतो.

आणखी एक गोष्ट, जी प्रयोगशाळेत कळणार नाही. शेळ्यामेंढ्या बाभळीच्या शेंगा खातात आणि बी लेंड्यांतून दूर जाऊन पडते; जिथे कळप रात्री बसतो, तिथे एकाच आईची भावंडे शेजारीशेजारी उगवलेली असू शकतात. म्हणून नमुन्यांच्या झाडांत निदान शंभर मीटर अंतर राख, आणि नकाशा आखण्यापूर्वी धनगरांना त्यांच्या वाटा आणि बसायच्या जागा विचारून घे.

पहिल्या आठ झाडांचे निकाल, बिघडलेल्या नमुन्यांसह, मला पाठव.

तुझा शुभचिंतक