सोमवारी रोखपाल परत येतोय

पत्र थोडक्यात असं: "मी अमळनेर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. आमचा रोखपाल, वय 34, मार्च एंडिंगच्या धावपळीत पार खचला. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. तीन महिने रजेवर होता, सोमवारी हजर होतोय. चेअरमन म्हणतात, अशा माणसाच्या हातात कॅश कशी द्यायची? स्टाफ विचारतो, त्याच्याशी बोलायचं कसं? आणि मला एक गोष्ट आतून खाते. 30 मार्चच्या रात्री साडेनऊला तो मला म्हणाला होता, 'साहेब, माले झेपत नही.' मी मान वर न करता म्हणालो, 'टेन्शन कोनले नही रे भो?' आता त्याला तोंड कसं दाखवू?"

भाऊ,

तुम्ही चेअरमनना आधी लिहिलंत आणि ती रात्र शेवटी. मी शेवटापासून सुरू करते. ती रात्र मोकळी झाल्याशिवाय बाकीचं काही जमायचं नाही.

सोमवारची वाट बघू नका. फोन करून, रविवारी त्याच्या घरी जा. एकटे जा. घोळक्याने गेलात की तो पाहुण्यांसमोर आजाऱ्यासारखा बसून राहतो आणि त्याची बायको चहाच करत राहते. तुमच्या दोघांच्या बोलीत सांगा, "मार्चमा मन्हं चुकनं भो." पुढे काही जोडू नका. तुमच्यावरही वरून दबाव होता, हे मला मान्य आहे, पण ते त्या वाक्याला चिकटवलंत तर माफीची वजाबाकी होते. तो गप्प राहिला तरी राहू द्या. तीन महिने घरात बसून त्याने ते तुमचं वाक्य किती वेळा ऐकलं असेल, याचा अंदाज मला आहे.

मग त्यालाच विचारा, "गावाला काय सांगायचं?" तालुक्याच्या ठिकाणी बातमी कशी फिरते हे तुम्हाला मी सांगायला नको. रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट एका संध्याकाळी अख्खी बाजारपेठ फिरतो. रोखपालाने ठरवलेलं एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी असू द्या, "बरं नव्हतं, आता आला आहे" एवढं सुद्धा पुरे. त्याचं फिटनेस सर्टिफिकेट पाकिटात घालून फाईलला ठेवा, टेबलावर उघडं नको. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक केलं आहे. डॉक्टर जे बोलू शकत नाहीत, ते शिपायाला कळायचं काय कारण?

आता कॅश. भाऊ, तुमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतील. एक तुमच्याकडे, एक रोखपालाकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. ही पद्धत कुणाच्या डोक्यावर संशय घेऊन पडली नाही. दोन माणसं असली की चूक लवकर सापडते, म्हणून पडली. चेअरमनना हेच सांगा. डिप्रेशनने माणूस अप्रामाणिक होत नाही. लक्ष लागत नाही, थकवा येतो, शंभराचं बंडल तीनदा मोजावं लागतं, हे होतं, आणि त्यावर उपाय आहे. पहिले दोन आठवडे निम्मा दिवस, पासबुक छपाई आणि व्हाउचर. मग सकाळचा काउंटर, गर्दी कमी असते तेव्हा. संध्याकाळी पिग्मीची रक्कम येते तेव्हा मोजायला दुसरा कुणीतरी सोबत. पूर्ण काउंटर कधी घ्यायचा ते त्याने आणि त्याच्या डॉक्टरांनी ठरवावं. हा क्रमही त्याला रविवारी दाखवा, त्याला खोडायचं असेल ते खोडू द्या. काउंटर कायमचा काढून घेऊ नका. काळजीपोटी काढलात तरी गाव त्याला शिक्षाच समजेल, आणि तोही.

चेअरमनना मोठं नाव हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली कामाच्या जागेवरच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. रजेवरून परतणाऱ्यांसाठी उपचार आणि कामातला बदल, दोन्ही बरोबर चालवण्याचा विचार व्हावा असं त्या सुचवतात.

स्टाफचं मी स्वतःवरून सांगते. मी शिक्षिका होते, आणि अशाच आजारातून उठून एका जूनमध्ये शाळेत परतले. मी आत पाय टाकला आणि स्टाफरूम गप्प झाली. दहा माणसं, फक्त पंख्याचा आवाज. ती शांतता मला आजही ऐकू येते. मग एका बाईंनी पाचवीचं हजेरीपुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "सहा पोरं नवीन आहेत, बाकी तीच. खिडकीजवळच्याला पुढे बसवा, त्याला दिसत नाही." मी पेन काढलं. स्टाफला एवढंच सांगा: कामाचं बोला, डबा नेहमीसारखा मध्ये ठेवा, शेवभाजी त्याच्याकडेही सरकवा. "पॉझिटिव्ह राहा", "कुणाची नजर लागली" आणि तासातासाला "आता कसं वाटतंय" यातलं काही नको.

"बरा झालास ना, आता गोळ्या कशाला?" हे तर कुणीही म्हणू नये. या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे जातात, आणि बरं वाटल्यावरही डॉक्टर त्या सहसा सहा महिने किंवा जास्त चालू ठेवतात. काहींना सकाळी सुस्ती येते, तोंड कोरडं पडतं. तो पाऊण तास उशिरा आला तर मस्टरवर लाल शेरा मारू नका, वेळच थोडी पुढे घ्या. धुळ्याला किंवा जळगावला डॉक्टरांकडे जायचा दिवस कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी त्याला मान खाली घालून रजा मागावी लागणार नाही.

तो पुन्हा डब्याला बसेनासा झाला, मोजलेलंच मोजत राहिला, "माझं ओझंच आहे सगळ्यांना" असं बोलू लागला, तर बाजूला घेऊन सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. तो तुमच्याही फोनमध्ये असू द्या.

मला काळजी सोमवारची कमी आणि ऑक्टोबरची जास्त आहे. पहिल्या आठवड्यात सगळे जपतील. मग कापसाचे पैसे येऊ लागतील, दिवाळीच्या ठेवी काढायला रांगा लागतील, आणि तो नेहमीच्या जागी बसलेला दिसतोय म्हणून त्याला कुणी विचारणार नाही. तोवर महिन्यातून एकदा शटर ओढल्यावर दहा मिनिटं त्याच्यासोबत बसा, काम जास्त होतंय का विचारा, आणि तो बोलेल तेव्हा हातातली खातेवही मिटा.

दिवाळीआधी मला एक पत्र टाका. शेवटचं कधी बसला होतात, ती तारीख त्यात लिहा.

तुमची ताई