डिस्क जोडायची कुणी, आणि कधी?

प्रश्न : मी लिनक्स कर्नलसाठी ब्लॉक डिव्हाइसचं (डिस्कसारख्या साधनाचं) एक मॉड्यूल लिहितो आहे. संथ डिस्कच्या पुढे एसएसडी ठेवून वारंवार लागणारा डेटा तिच्यावर राखायचा, एवढंच त्याचं काम. सध्या डिस्कची नावं आणि कॅशचा आकार मॉड्यूल पॅरामीटरमधून (मॉड्यूल घालताना द्यायच्या मूल्यांतून), स्वल्पविरामांनी जोडून देतो. एक सहकारी म्हणतो सिसएफएस (कर्नलमधली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी व्यवस्था) वापर, दुसरी म्हणते आयऑक्टलच (प्रोग्रॅमनं डिव्हाइसला थेट हुकूम देण्याचा सिस्टिम कॉल) बरं. कुणाचं ऐकू?

उत्तर : आत्ता दोघांचंही नको. पॅरामीटर मात्र आजच सोडा. पॅरामीटर अख्ख्या मॉड्यूलला एकच असतो. उद्या तिसरी डिस्क जोडायची म्हटलं, की मॉड्यूल काढून पुन्हा घालायचं आणि चालू असलेल्या दोन डिस्क बंद पाडायच्या! डीफॉल्ट ठरवण्यापुरता पॅरामीटर ठीक आहे.

मी आधी विचारते ते असं : तुमचं डिव्हाइस जन्माला कोण घालतं? हार्डवेअर सापडल्यावर कर्नल घालत असेल, तर सिसएफएस. कर्नलला जे आधीच ठाऊक आहे ते तिथे दिसतं, फाइलीमागे एक मूल्य या शिस्तीनं. तुमच्याकडे मात्र कोणती डिस्क कोणत्या एसएसडीला बांधायची हे प्रशासक ठरवणार. अशा कामासाठीच कॉन्फिगएफएस आहे, म्हणजे डिरेक्टऱ्या करून कर्नलमध्ये वस्तू घडवण्याची सोय. तिथे एमकेडीआयआर (डिरेक्टरी करण्याची आज्ञा) केलं की वस्तू तयार होते, आरएमडीआयआरनं (डिरेक्टरी काढण्याच्या आज्ञेनं) ती जाते. एनव्हीएमई टार्गेट (आपली डिस्क दुसऱ्या यंत्राला वापरू देणारा कर्नलचा भाग) असंच चालतं : नेमस्पेसची, म्हणजे द्यायच्या एका डिस्कची, डिरेक्टरी करायची, आत डिव्हाइसचा पाथ लिहायचा, शेवटी ‘इनेबल’मध्ये 1.

तो शेवटचा 1 नीट पाहा, कारण खरी गोम तिथे आहे. अर्धवट सेटिंग असलेलं डिव्हाइस कुणाच्या नजरेस पडता कामा नये. लूप डिव्हाइसला (साधी फाइल डिस्कसारखी वापरू देणाऱ्या डिव्हाइसला) हे बरीच वर्षं भोवलं. आधी एका आयऑक्टलनं फाइल जोडायची, मग दुसऱ्यानं ऑफसेट, म्हणजे फाइलीत कुठून सुरुवात करायची ते, सांगायचा. मधल्या वेळात डिव्हाइस चुकीच्या ऑफसेटवरून वाचायला मोकळं! शिवाय दुसऱ्या पायरीला डिव्हाइसकडे येणाऱ्या विनंत्यांची रांग गोठवावी लागे, त्यात वेळ जाई. 2020 साली कर्नल 5.8 मध्ये ‘लूप कॉन्फिगर’ हा नवा आयऑक्टल आला, तेव्हा कुठे सगळं एका फटक्यात देता येऊ लागलं. जुने आयऑक्टल अजून आहेतच. वापरकर्त्याच्या हाती दिलेला इंटरफेस कर्नलमधून सहसा परत घेता येत नाही, म्हणून तर मी एवढी कटकट करते आहे.

डिव्हाइस चालू असताना बदल करायचा असेल, तर डिव्हाइस मॅपरचा (असलेल्या डिस्कवर नवी डिव्हाइस रचणाऱ्या कर्नलच्या भागाचा) आयऑक्टल वाचून काढा. माझ्या मते या भागातलं सर्वांत समंजस डिझाइन ते. प्रत्येक डिव्हाइसला टेबलच्या (डिव्हाइसचा कोणता भाग कुठे जातो याच्या यादीच्या) दोन जागा : एक वापरातली, एक राखीव. नवं टेबल राखीव जागेत लोड होतं, तपासलं जातं. चूक असेल तर तिथेच नापास होतं आणि जुनं निवांत चालू राहतं. सस्पेंड, रिझ्यूम केलं की अदलाबदल. तुम्हाला इतकं नको असेल, तर चालू डिव्हाइसवर लिहू पाहणाऱ्याला सरळ ‘ईबिझी’ (‘वापरात आहे’ असं सांगणारा एरर) परत द्या. झेडरॅम (डेटा कॉम्प्रेस करून रॅममध्येच ठेवणारं डिव्हाइस) तेच करतं. एकदा आकार ठरला की कॉम्प्रेशनची पद्धत बदलू देत नाही. गुपचूप दुर्लक्ष करून ‘यशस्वी’ म्हणणारी फाइल मला सर्वांत वाईट वाटते.

एककं नावात घाला, आणि खरी घाला. ब्लॉक लेयरच्या सिसएफएसमधली ‘साइझ’ ही फाइल 512 बाइटच्या सेक्टरमध्ये (डिस्क मोजण्याच्या तुकड्यांत) बोलते, मग डिस्कचा स्वतःचा सेक्टर 4096 चा का असेना. आणि ‘मॅक्स सेक्टर्स केबी’ नावाची फाइल? नाव सेक्टरचं, आकडा किलोबाइटचा. नवख्याची तारांबळ उडते.

कॉन्फिगएफएसची एक खोड आधीच सांगून ठेवते. आरएमडीआयआर आल्यावर तुमच्या ‘ड्रॉप आयटम’ फंक्शनला नाही म्हणता येत नाही. आत उपडिरेक्टरी नसेल तर डिरेक्टरी जातेच. डिस्क माउंट केलेली असताना कुणी ती काढली तर? ‘कॉन्फिगएफएस डिपेंड आयटम’नं ती वस्तू आधीच अडकवून ठेवा, नाहीतर रेफरन्स काउंट (किती जण वापरताहेत याची मोजणी) सांभाळा, म्हणजे डिरेक्टरी गेली तरी शेवटचा वापरकर्ता डिव्हाइस बंद करेपर्यंत मेमरी मोकळी होणार नाही. आणि एसएसडीवर असलेला, पण मूळ डिस्कवर अजून न उतरलेला डेटा त्या क्षणी कुठे जाणार, हे कोड लिहिण्याआधी ठरवा.