तुझ्या गरुडाला रंग फासला त्याबद्दल

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि नंतर बराच वेळ झोप नाही लागली. तो तुझा लाकडी गरुड मी अर्धवट असताना पाहिलाय, पंखांची पिसं एकेक करून सोडवत होतीस तेव्हा, आणि आता देवळाच्या मंडळींनी तुला साधं विचारलंही नाही, सरळ सोनेरी ऑइलपेंट मारला, चोच लाल, डोळे पांढरेफेक. फोटो झूम करून बघितला. पिसांमधल्या बारीक खाचा पेंटने बुजल्यात. चार महिन्यांचं काम आहे ते, वाईट वाटणारच, आणि मी तुला "जाऊ दे, सोड" असं म्हणणार नाही. पण खाली जे लिहिलंयस ना, की आता देवाधर्माच्या ऑर्डरी बंद, फक्त स्वतःच्या मनातलं करणार, त्याच्यावर मला बोलायचंय.

मागे मुलाकडे न्युरेंबर्गला गेलो होतो तेव्हा मी एका माणसाची कामं बघत फिरलो, टिलमान रीमेनश्नायडर. पाचशे वर्षांपूर्वीचा जर्मन मूर्तिकार, आयुष्यभर लाकडात आणि दगडात संत, मेरी, येशू, बिशपांच्या कबरी हेच केलं, आणि सगळं ऑर्डरीचं. जन्म 1460च्या आसपासचा, हायलिगेनश्टाट गावचा, वडील टांकसाळीत मास्टर. 1483 मध्ये हा वुर्झबर्ग शहरातल्या चित्रकार-मूर्तिकारांच्या संघात कारागीर म्हणून दाखल झाला आणि 1485 मध्ये एका सोनाराच्या विधवेशी लग्न करून मास्टर झाला, त्या काळी बाहेरून आलेल्याला स्वतःचं वर्कशॉप उभं करायला हा एक रस्ता होता.

आता तुझ्या गरुडाशी संबंध असलेली गोष्ट. 1490 मध्ये म्युनरश्टाट नावाच्या छोट्या गावाने याला मोठ्या वेदीची ऑर्डर दिली, वेदी म्हणजे चर्चमधला दारं असलेला मूर्तींचा मोठा लाकडी देव्हारा. मधे मेरी मॅग्डालीन ही संत, तिला वर उचलून नेणारे देवदूत, बाजूला संत, दारांवर तिच्या आयुष्यातले प्रसंग, कॉन्ट्रॅक्टमध्ये कुठे कोण उभं राहणार हे सगळं लिहिलेलं. तेव्हाची पद्धत अशी की मूर्तिकाराने कोरायचं आणि मग रंगाऱ्याने त्यावर सोनं आणि रंग चढवायचा, लोकांना देव तसेच बघायची सवय होती. याने लाकूड उघडं ठेवलं. अशा बिनरंगाच्या मोठ्या वेद्यांमधली ही अगदी पहिल्यांपैकी एक.

आणि बिनरंगाचं म्हणजे अर्धवट सोडलेलं नाही हं, हे नीट समजून घे. लिंडन नावाच्या झाडाचं लाकूड, मऊ आणि एकसारखं, आपल्या सागासारख्या ठळक रेषा त्यात नसतात, त्यामुळे पटाशी कुठल्याही बाजूने बऱ्यापैकी चालते आणि बारीक काम धरून ठेवतं. वर हलका तपकिरी हात, डोळ्यांची बुबुळं काळ्याने, ओठांना किंचित रंग, बस. बाकी सगळं काम उजेडाने करायचं. मॅग्डालीनचं अख्खं अंग केसांनी झाकलंय, लोकरीसारखे वळसे आहेत, एकेक वळसा वेगळा कापलाय आणि गुडघ्याशी येऊन ते थांबतात, तिथे गुळगुळीत कातडी सुरू होते. हे मी म्युनिकच्या म्युझियममध्ये पाहिलं, दहा मिनिटं नुसता त्या गुडघ्याकडेच बघत उभा होतो, कारण खरबरीत आणि गुळगुळीत यातला तो फरक हाच तिथला रंग होता.

आणि झालं काय? 1504-05 मध्ये, म्हणजे वेदी बसवून बारा-तेरा वर्षं झाली असतील नसतील, गावाने तिला रंग लावून घेतला. लावणारा कोण, तर फाइट श्टोस. हा स्वतः त्या काळातला तितकाच मोठा मूर्तिकार, न्युरेंबर्गमध्ये खोट्या कागदाच्या प्रकरणात दोन्ही गालांवर डाग देऊन शिक्षा झालेला आणि तिथून निघून म्युनरश्टाटला आलेला. रीमेनश्नायडरला कोरायचे 145 गुल्डेन, म्हणजे तेव्हाची नाणी, मिळाले होते, श्टोसला रंगाच्या कामाचे 220. जास्त पैसे रंगाला! हे वाचलं तेव्हा मला तुझ्यासारखाच राग आला होता.

पण पुढचं बघ. हा माणूस थांबला नाही. रंग लागला त्याच सुमारास तो रोथेनबर्ग गावातल्या सेंट याकोब चर्चसाठी काम करत होता आणि तिथेही त्याने लाकूड उघडंच ठेवलं, नंतर क्रेगलिंगन गावातही तेच. म्हणजे एका गावाने रंगवलं म्हणून त्याने देवाची कामं सोडली नाहीत आणि आपला हातही बदलला नाही.

रोथेनबर्गचं काम मात्र तुला नीट सांगायचंय, कारण "ऑर्डरीत माझं काय उरतं" हा तुझा प्रश्न तिथे मला सुटलेला दिसला. विषय ठरलेला, येशूचं शेवटचं जेवण. तेरा माणसं आणि जेवण, हजार जणांनी केलेला विषय. सगळे येशूला मधे बसवतात. याने मधे कोण उभा केला तर यहुदा, दगा देणारा, हातात पैशाची थैली घेतलेला. येशू बाजूला, तो यहुदाला घास देतोय, आणि योहान हा शिष्य येशूच्या मांडीत डोकं ठेवून झोपलाय. यहुदाची मूर्ती बाकीच्यांपासून सुटी आहे, काढून बाजूला ठेवता येते, आणि ती काढली की मागचा झोपलेला योहान पूर्ण दिसतो. तू समोर उभी राहिलीस की पहिली गाठ यहुदाशी पडते, त्याच्या खांद्यावरून तुला येशूकडे बघावं लागतं. कॉन्ट्रॅक्टमध्ये "शेवटचं जेवण" एवढं असतं ग, मधे कोण हे हाताला ठरवायचं असतं.

त्या वेदीच्या मागच्या बाजूला खऱ्या काचेच्या छोट्या खिडक्या बसवल्यात, उजेड मूर्तींच्या मागून येतो. ती लाकडी चौकट एरहार्ट हार्शनर नावाच्या सुताराने केली, त्याला 50 गुल्डेन मिळाले आणि रीमेनश्नायडरला मूर्तींचे 60. सुतार आणि मूर्तिकार जवळजवळ बरोबरीत. आपल्याकडे महिरप करणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही, तू घेत जा, त्याच्याशिवाय तुझी मूर्ती हवेत लटकेल.

ग्राहकाशी वाद हेही काही आजचं नाही. वुर्झबर्गच्या मारियनकापेल या चर्चच्या दारासाठी त्याने आदम आणि इव्ह दगडात केले तेव्हा आदमला दाढी हवी की नको यावर नगर कौन्सिलमध्ये चर्चा झाली. शेवटी आदम बिनदाढीचा झाला, अगदी कोवळा पोरगा वाटतो. म्हणजे तो आधी बोलला असणार, त्यांना पटवलं असणार. तू गरुडाच्या वेळी एकदा तरी त्यांना म्हणालीस का, की हा बिनरंगाचाच ठेवायचाय आणि का ठेवायचाय? तुझ्या मेसेजवरून वाटतं नाही बोललीस, त्यांना ते कळेल असं गृहीत धरलंस. त्यांच्या नजरेत देवाचं वाहन झळकलं पाहिजे, त्यांनी वर्गणी काढून पेंट आणलाय, वाईट बुद्धीने काही केलं नाही. तुझी चूक म्हणून नाही सांगत, पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून सांगतोय.

त्याचं पुढचं आयुष्य सुखाचं नव्हतं. मोठं वर्कशॉप, हाताखाली बरीच पोरं, नगर कौन्सिलचा मेंबर, मग महापौरसुद्धा. 1525 मध्ये शेतकऱ्यांचं बंड झालं, वुर्झबर्गच्या कौन्सिलने तिथे राज्य करणाऱ्या बिशपच्या बाजूने शेतकऱ्यांवर हत्यार उचलायला नकार दिला आणि बंड चिरडल्यावर याला किल्ल्यात कैद करून छळ केला. दोन महिन्यांनी सुटला, मालमत्तेतला मोठा हिस्सा गेला. त्याचे हात मोडले अशी गोष्ट सांगतात, तिला कागदोपत्री पुरावा नाही, म्हणून तू ती कोणाला सांगू नकोस. नोंदीत सापडतं ते 1527 मधलं किट्झिंगनच्या मठातलं काम, आणि ते दुरुस्तीचं होतं. ज्याने रोथेनबर्गचा यहुदा केला तो म्हातारपणी बंडात मोडलेल्या वेद्या सांधत होता. 1531 मध्ये गेला आणि लोक त्याला विसरले, 1822 मध्ये त्याच्या थडग्याचा दगड सापडला तेव्हा पुन्हा नाव निघालं. म्युनरश्टाटच्या मूर्तींवरचा रंगही पुढे कधीतरी निघाला, मी पाहिलेली मॅग्डालीन उघड्या लाकडाचीच आहे.

आता कामाचं. गरुडावर घाईने रिमूव्हर ओतायला जाऊ नकोस, आणि गुपचूप तर अजिबात नको, पूजा सुरू झालीय, ती वस्तू आता त्यांची आहे. रिमूव्हरने सागाच्या रेषा उठतात आणि तुझी धार असलेली कड गोल होते, नंतर ती परत येत नाही. पंखाच्या खालच्या बाजूला, जिथे कोणाला दिसत नाही, तिथे नखाएवढी जागा त्यांना विचारून करून बघ आणि त्यांनाच दाखव. हो म्हणाले तर पुढचं बघू, नाही म्हणाले तर कोरताना काढलेले फोटो जपून ठेव, सगळ्या बाजूंचे आहेत ना?

नवी ऑर्डर, ती पालखीच्या दांड्यावरच्या मकरमुखांची, माझं म्हणणं घे. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय म्हणालीस ना. कागदावर लिहून घे: फिनिश काय, तेल कुठलं, दर वर्षी कोण लावणार, आणि रंग लावायचा झाला तर आधी तुला फोन. हे लिहायला लाजू नकोस, गावातली माणसं आहेत, सरळ सांगितलेलं त्यांना आवडतं. जमलं तर एक छोटं मुख आधीच करून घेऊन जा, अर्ध्याला तेल, अर्ध्याला सोनेरी पेंट, आणि संध्याकाळी समईच्या उजेडात शेजारी ठेवून दाखव.

आणि एक राहिलं. गरुडाची पाठ आतून पोकळ केली होतीस का? रीमेनश्नायडरच्या बऱ्याचशा लाकडी मूर्तींची पाठ खोदून गाभा काढलेला आहे, कारण लाकूड वाळताना बाहेरचा घेर जास्त आकसतो, गाभा तेवढा आकसत नाही, आणि मग छातीवर उभा तडा जातो. आता वरून पेंट आहे, पावसाळा जाऊन थंडी पडली की तडा आधी पेंटवर केसासारखा दिसेल. पुढच्या वेळी देवळात जाशील तेव्हा पाठीचा आणि छातीचा फोटो काढून पाठव, मी बघून सांगतो.

काका